सर्व्हरला किती रॅम लागते?

दहावी-बारावीच्या निकालाची वेळ झाली की संकेतस्थळं अडकतात आणि मागणी सुरू होते, 'मोठा सर्व्हर घ्या.' मला ही मागणी घाईची वाटते. यंत्र केवढं लागेल हे बऱ्याच अंशी एका गोष्टीवर ठरतं: त्यावरचं सॉफ्टवेअर वाट कशी पाहतं.

१९९९मध्ये डॅन केगेल या प्रोग्रामरने विचारलं, एका यंत्राला एकाच वेळी १० हजार ग्राहक का झेपू नयेत? त्याचा हिशेब साध्या भागाकाराचा होता. १००० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २ गिगाबाइट रॅम २० हजार जणांत वाटली, तरी प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला ५० हजार चक्रं आणि १०० किलोबाइट येतात. सेकंदाला चार किलोबाइट पाठवायला हे रग्गड झालं!

मग अडायचं कुठे? तेव्हाचा अपाची सर्व्हर प्रत्येक जोडणीसाठी एक वेगळी प्रोसेस अडकवून ठेवायचा. म्हणजे दवाखान्यात प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र डॉक्टर, आणि रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत तो डॉक्टर नुसता बसून. शहाणा डॉक्टर तेवढ्यात पुढचा रुग्ण तपासतो. पण रिपोर्ट आला हे त्याला कळणार कसं? जुन्या 'सिलेक्ट' पद्धतीत कंपाउंडर दर वेळी रांगेतल्या प्रत्येकाला विचारत फिरायचा. रांग हजारांची झाली की विचारण्यातच दिवस सरायचा. २००० साली जोनाथन लेमनने फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये 'केक्यू' आणलं: आता लॅबच तयार रिपोर्टांची नावं कळवते. लिनक्सला असंच 'ईपोल' पुढे डेव्हिडे लिबेन्झीने दिलं. या दोघांची नावं फारशी कोणी घेत नाही, याची मला खरोखर खंत वाटते. एन्जिनएक्स या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरची कीर्ती याच पायावर उभी आहे.

रशियात इगोर सिसोएव्हने लिहिलेलं एन्जिनएक्स २००४मध्ये खुलं झालं. १० हजार निष्क्रिय जोडण्या उघड्या ठेवायला त्याला सुमारे अडीच मेगाबाइट रॅम पुरते. २०१२मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने फ्रीबीएसडीच्या एकाच यंत्रावर २० लाखांहून अधिक जोडण्या सांभाळल्या. ते यंत्र मात्र दणकट होतं: २४ कोअर, सुमारे ९६ गिगाबाइट रॅम.

जोडणी स्वस्त झाली म्हणून सगळंच स्वस्त होत नाही. प्रत्येक आसन क्रमांकासाठी डेटाबेस नव्याने चाळायचा असेल, तर एन्जिनएक्सही हतबल. पण निकाल एकदा लागला की तासातासाला बदलत नाही. पानं आधीच बनवून रॅममध्ये ठेवली, तर साध्या यंत्रावरही पुष्कळ निभावतं. वाचलेले पैसे मी कोअर वाढवण्यात घालणार नाही. त्यातून बिटची चूक दुरुस्त करणारी ईसीसी रॅम घ्यावी, दोन डिस्कांवर एकच माहिती ठेवावी आणि दुसरा वीजपुरवठा जोडावा.