दाढ काढल्यानंतरची काळजी

पेढीवर बसणाऱ्या माणसास दुखणे अंगावर काढण्याची खोड असते. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे, धान्याचा घाऊक व्यापारी आहे. परंतु गेल्या सुगीत खालची दाढ काढविल्यावर स्वतःच्या हट्टाने जे भोगले, त्यातून आलेली समज सभासद बंधुभगिनींच्या उपयोगी पडावी, म्हणून हे चार शब्द.

दाढ निघाल्यावर हाडात खळगा राहतो व त्यात रक्त साखळून गुठळी होते. ही गुठळी म्हणजे घाण नव्हे. पेवाचे झाकण जसे आतील धान्य राखते, तशी ती उघड्या हाडाचे रक्षण करते व तिच्याच आधाराने जखम भरून येते. ती जागेवर राहावी, हाच बहुतेक पथ्यांचा हेतू होय.

डॉक्टरांनी ठेवलेला बोळा ३० ते ४५ मिनिटे घट्ट चावून धरावा. मधून मधून काढून पाहू नये. २४ तास चूळ भरू नये, जोराने थुंकू नये, नळीने ओढून काही पिऊ नये. तंबाखू व विडी तर पुढेही काही दिवस वर्ज्यच. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ १०-१५ मिनिटे, मध्ये विश्रांती देऊन, धरावा. लाळ दिवसभर किंचित लालसर दिसली, तरी घाबरू नये. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर ते तोंडात हळुवार फिरवावे. वेदनाशामक गोळी सांगितलेल्या मापानेच घ्यावी. अ‍ॅस्पिरिन हिरडीवर दाबून ठेवण्याची जुनी रीत घातक आहे. तिने हिरडी भाजते.

मी त्याच सायंकाळी तोंडास रक्ताची चव लागते म्हणून पाच-सहा वेळा खळाखळा चुळा भरल्या. तिसऱ्या दिवशी ठणका उतरण्याऐवजी चढला, कानापर्यंत पोहोचला, तोंडास दुर्गंधी आली. घरच्यांचे न ऐकता लवंगतेलावर दोन रात्री काढल्या. अखेर डॉक्टरांनी सांगितले की, गुठळी निघून हाड उघडे पडले आहे. यास ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. त्यांनी खळगा धुऊन औषधी पट्टी भरली आणि संध्याकाळपर्यंत आराम पडला. त्या दोन रात्री व्यर्थ सोसल्या.

तात्पर्य, दुखणे दिवसागणिक उतरले पाहिजे. ते चढू लागले, रक्त दाबूनही थांबेना, तीन दिवसांनंतर सूज वाढली अथवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. गिळण्यास वा श्वासास अडचण वाटल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. मधुमेह असल्यास अथवा रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असल्यास ते आधीच सांगावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

आपल्यापैकी चौविहार पाळणाऱ्यांनी तो नियमही आधीच सांगावा, म्हणजे औषधांच्या वेळा सूर्यास्तापूर्वी बसविता येतील का, हे डॉक्टर पाहू शकतात. आयबुप्रोफेनसारखी गोळी रिकाम्या पोटी बाधू शकते; म्हणून तातडी नसल्यास उपवासाच्या दिवसांत दाढ काढवू नये.

व्रत समजून उमजून केलेले असते. अज्ञानाने दुखणे सोसणे हे तप नव्हे. वेळीच विचारणे यातच शहाणपण आहे.