दारावरचा सौदा आणि ग्राहक कायदा

दुपारची वेळ, घरातील पुरुषमंडळी दुकानात किंवा कारखान्यात गेलेली. दारावर नीटनेटक्या पोशाखातला तरुण येतो, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र दाखवतो आणि "आजच घेतले तरच सूट" असे सांगून आगाऊ रक्कम घेऊन जातो. आमच्याही घरी काही वर्षांपूर्वी असेच घडले. यंत्र महिनाभरात बंद पडले. पावती घेतलेली नव्हती, त्यामुळे दाद कोणाकडे मागायची हेच कळेना.

आपले अनेक व्यापारी आणि कारागीर बांधव या सौद्याच्या दोन्ही बाजूंना असतात. कोणी मोटरसायकलवर चादरी, लुंग्या, बांगड्या, अत्तर घेऊन गावोगाव फिरतो, कोणी एखाद्या कंपनीचा माल घरोघर विकतो, आणि आपल्या घरी तोच ग्राहकही असतो. म्हणून हा कायदा दोन्ही अंगांनी समजून घेतला पाहिजे.

1986 च्या जुन्या कायद्याची जागा ग्राहक संरक्षण कायदा, 2019 ने घेतली. तो 20 जुलै 2020 पासून अमलात आला. त्याखाली डिसेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारने थेट विक्रीचे नियम जाहीर केले. कायम दुकानाऐवजी विक्रेत्यांच्या जाळ्यामार्फत माल विकणाऱ्या कंपन्यांना आणि त्यांच्या विक्रेत्यांना हे नियम लागू आहेत. अशा विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा परवानगी घेतल्याशिवाय कोणाच्या घरी जाता येत नाही. आपण कोण, कोणत्या कंपनीचे, कशासाठी आलो, हे त्याने न विचारता सुरुवातीलाच सांगायचे असते. एकूण किंमत, माल परत करण्याच्या अटी, मागणी रद्द करण्याचा हक्क आणि तक्रार कोठे करावी याचीही माहिती द्यावी लागते. विक्रेत्याने केलेल्या विक्रीबद्दलच्या तक्रारीची जबाबदारी कंपनीवरही आहे. "तो आमचा नोकर नव्हे" हे उत्तर आता चालत नाही.

अमेरिकेत 1974 पासून घरी येऊन केलेला बहुतेक सौदा ग्राहकाला कामकाजाच्या तीन दिवसांत रद्द करता येतो. आपल्याकडे दारावरच्या प्रत्येक खरेदीला असा सरसकट हक्क नाही. 2021 च्या नियमांत विचार बदलण्याची जी ठराविक मुदत आहे, ती कंपनीत विक्रेता म्हणून सामील होणाऱ्यासाठी आहे. गिऱ्हाइकाने मागणीपत्रावरील परतीच्या अटी वाचूनच पैसे द्यावेत.

आता स्वतःचा माल घेऊन फिरणारा आपला फेरीवाला. तो कोणाच्या जाळ्यात नाही, म्हणून थेट विक्रीचे नियम त्याला लागत नाहीत. पण मूळ कायदा लागतो, कारण माल विकणारा तो व्यापारी, मग दुकान असो वा नसो. बिल न देणे ही या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घेण्यास व पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा. बिलावर परतीची मुदत लिहिलेली नसेल तर कायदा तीस दिवस धरतो. म्हणून वीस-तीस रुपयांचे बिलबुक जवळ ठेवावे, त्यावर नाव, पत्ता, क्रमांक, तारीख, मालाचे वर्णन आणि परतीची मुदत लिहावी. "पावती दिली तर गिऱ्हाईक भांडायला येईल" असे काहीजण आम्हाला सांगतात. आमच्या मते गोष्ट उलटी आहे. चादर कोणती, किती रुपयांना, कधी दिली, हे कागदावर नसेल तर गिऱ्हाईक म्हणेल ते खोडून काढायला विक्रेत्याजवळ काय उरते?

कारागिरांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाबाबत घेणारा 'ग्राहक' ठरत नाही. परंतु केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेले आणि स्वतः वापरलेले शिलाईयंत्र किंवा भरतकामाचे यंत्र असेल, तर तो ग्राहकच. एजंटाने घरी येऊन गळ्यात मारलेले यंत्र सदोष निघाले, तर "तुम्ही धंद्यासाठी घेतले" या बोलण्याला दबू नये.

तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर ती जिल्हा आयोगाकडे जाते, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. ग्राहक जेथे राहतो तेथेही आता तक्रार दाखल करता येते. परगावी फिरून विकणाऱ्याने हे विशेष ध्यानात घ्यावे. लातूरच्या गिऱ्हाइकाची नोटीस आली तर मालेगावहून लातूरला जावे लागेल. आयोगाकडे जाण्यापूर्वी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा.

घरोघर विकण्याच्या नावाखाली "आधी प्रवेश फी भरा, मग माणसे जोडा, प्रत्येक माणसामागे कमिशन" अशी योजना कोणी आणली, तर तिच्यापासून दूर राहावे. थेट विक्रीत प्रवेश फी घेण्यास 2021 च्या नियमांत मनाई आहे, आणि पैसे फिरवणाऱ्या साखळी योजनांवर 1978 च्या कायद्यानेच बंदी आहे. अशा योजनेत पुढे माणसे जोडणाराही गुन्ह्यात सापडतो, आणि जोडलेली माणसे बहुधा त्याच्याच मोहल्ल्यातली असतात.