मध्यरात्री भोंगा वाजला तर...

धानाच्या लोंबीत दूध भरू लागले की वरठीकडच्या शेतकऱ्याची झोप उडते. डुकरांचा कळप एका रात्रीत अख्खी बांधी लोळवून जातो. मचाणावरच्या जागलीला कंटाळून माणूस सौर झटका यंत्र बसवतो, आणि भर पावसात, मध्यरात्री त्याचा भोंगा कोकलू लागतो. घरधनी उठतो, यंत्र बंद करतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी बांधी आडवी!

भोंगा वाजतो कशाने? यंत्र साधारण दर सेकंदाला एक ठोका तारेत सोडते. दाब काही हजार व्होल्ट, पण ठोका टिकतो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. कुंपणाची फेरी मारून परतलेला दाब घटला की भोंगा ओरडतो. म्हणजे तार तुटली तरी असेल, नाहीतर वीज वाटेतच जमिनीत मुरत असेल.

पावसाळ्यात पहिला संशय गवतावर घ्यावा. डुकरासाठी खालची तार वीतभर उंचीवर लागते आणि ओले गवत तिलाच आधी गाठते. एका काडीने बिघडत नाही. धुराभर गवत टेकले की झटक्यातला जोर जातो. यंत्र आणले म्हणजे राखण संपली, असे दुकानदार सांगतो. विळा मात्र सुटत नाही.

गवत नसेल तर यंत्र बंद करून कुंपण सोडवा, मग चालू करून कुंपणाच्या टेस्टरने यंत्राच्या टोकाशीच दाब पाहा. कमी असेल तर दोष यंत्रात किंवा बॅटरीत. पॅनेल धुळीने माखले असेल, बॅटरीचे पाणी आटले असेल. दाब चांगला असेल तर अर्धे कुंपण जोडून पाहा. ज्या अर्ध्यात दाब पडतो, त्याचे पुन्हा अर्धे करा. चार-पाच खेपांत फुटलेला इन्सुलेटर किंवा गंजलेला पीळ हाती लागतो. दर खेपेस आधी यंत्र बंद, मगच तारेला हात.

भोंगा गप्प, टेस्टरही ठीक, तरी डुक्कर आत शिरते? मग अर्थिंग बघा. झटका जनावराच्या अंगातून जमिनीत उतरतो आणि अर्थिंगच्या वाटेने यंत्राकडे परततो. तारेवरच्या चिमणीला म्हणूनच काही होत नाही. उन्हाळ्यात जमीन वाळली की ही वाट बंद पडते. एकाऐवजी तीन सळया खोल ठोका, भोवती पाणी घाला. घरच्या विजेच्या अर्थिंगला मात्र जोडू नका.

आणि चिडून मोटारीच्या पेटीतली लाईन तारेला जोडू नका, हे हात जोडून सांगणे. २३० व्होल्टचा प्रवाह सलग वाहतो. स्नायू आखडतात, धरलेला हात सुटत नाही. २०१७ साली नागभीडजवळ ‘जय’ वाघाचा पठ्ठा ‘श्रीनिवास’ अशाच तारेने मेला. पहाटे धुऱ्यावरून आधी कोण चालते? आपणच, नाहीतर आपले पोर. यंत्र दुरुस्तीला गेले तर तेवढ्या रात्री मचाणावर काढाव्यात.

विळा, टॉर्च आणि टेस्टर भोंग्याखालच्या खुंटीलाच टांगून ठेवा. अंधारात शोधत बसावे लागत नाही.