चिखल्या, एक ट्यूब आणि माझा शहाणपणा

गेल्या जुलैची गोष्ट. सायन-कुर्ल्याला पाणी भरलं, लोकल बंद पडली आणि आम्ही चौघं मित्र पाण्यातून चालत निघालो. डोंबिवलीला घरी पोचायला सहा तास लागले. सहा तास पाय बुटात आणि बूट पाण्यात! दुसऱ्या दिवशी तेच ओले बूट घालून पुन्हा कॉलेज, कारण माझ्याकडे बुटांचा जोड एकच. शिवाय संध्याकाळी फुटबॉलची प्रॅक्टिस होतीच.

चार-पाच दिवसांत शेवटच्या दोन बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडली, सोलवटली. खाज तर अशी, की लेक्चर चालू असताना बाकाखाली बूट काढून पाय घासत बसायचो. आजीने एका नजरेत निदान केलं, ‘‘चिखल्या झाल्यात रे! पाय कोरडे ठेव आणि चार दिवस बूट घालू नकोस.’’ मी हसलो. अनवाणी फुटबॉल कोण खेळणार?

या चिखल्या म्हणजे बहुतेक वेळा बुरशीचा संसर्ग. इंग्रजीत ‘अ‍ॅथलीट्स फूट’, डॉक्टरी भाषेत ‘टिनिया पेडिस’. आपल्या कातडीच्या वरच्या थरात केराटिन नावाचं प्रथिन असतं, त्यावर ही बुरशी जगते. तिला ऊब, ओल आणि बंद जागा लागते. ओले सॉक्स आणि घट्ट बूट यांत तिला हे तिन्ही मिळतं. त्यात करंगळीशेजारच्या बेचक्यात हवा सगळ्यात कमी जाते, म्हणून सुरुवात बहुधा तिथूनच.

दादा, खाजेचं काहीतरी द्या!

मी काय केलं? जे आपण सगळेच करतो. स्टेशनजवळच्या मेडिकलमध्ये गेलो, ‘‘दादा, पायाला खाज येतेय, काहीतरी द्या’’ म्हटलं. त्याने काहीही न विचारता एक ट्यूब पुढे केली. लावली आणि दोन दिवसांत खाज गायब! मी खूश. ट्यूब कपाटात फेकली.

दहा दिवसांनी खाज परत. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम, पुन्हा बंद. गणपती येईपर्यंत असं तीनदा झालं. मग एक दिवस जांघेत लाल गोल चट्टा दिसला. आता ही जागा दाखवायची कोणाला आणि सांगायचं काय? मी तीच ट्यूब तिथेही लावत राहिलो. चट्टा पसरत गेला. महिनाभर घरी कोणाला सांगितलं नाही, मित्रांना तर नाहीच. शेवटी बसवेना तेव्हा स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो.

मॅडमनी आधी ट्यूब मागितली. मागची बारीक अक्षरं वाचली आणि मान हलवली. त्या एकाच क्रीममध्ये तीन औषधं होती: बुरशीवरचं, जंतूंवरचं आणि एक जोरदार स्टिरॉइड. आराम पडत होता तो त्या स्टिरॉइडमुळे. लाली आणि खाज ही शरीराच्या लढाईची लक्षणं असतात. स्टिरॉइड ती लढाईच दाबून टाकतं. म्हणजे चोर घरात शिरलाय आणि आपण वॉचमनलाच झोपेची गोळी दिली! वरून सगळं शांत आणि आत बुरशी मजेत पसरतेय. शिवाय जांघेसारख्या नाजूक जागी स्टिरॉइड बरेच दिवस लावलं, तर कातडी पातळ होते, कायमचे व्रण उठतात.

अशी क्रीम सर्रास विकली जातात म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये लावायची १४ स्टिरॉइड औषधं ‘शेड्यूल एच’मध्ये आणली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. नियम असा आहे, पण मला चिठ्ठी कोणी विचारली नाही आणि मीही ट्यूब उलटी करून पाहिली नाही.

खाज थांबली म्हणजे बुरशी गेली, असं नाही

मॅडमनी चट्ट्यावरची थोडी कातडी खरवडून काचपट्टीवर घेतली, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात का ते पाहिलं. मग चिठ्ठी लिहिली. त्यात एकच औषध असलेलं बुरशीवरचं साधं क्रीम होतं, ल्युलिकोनॅझोल. चट्टा पसरलेला, म्हणून सोबत गोळ्याही. केवळ बोटांत असतानाच आलो असतो, तर बहुधा क्रीमवरच भागलं असतं.

क्रीम लावण्याचीही एक पद्धत असते, हे तेव्हा कळलं. पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्यांतून पुसायचे, पूर्ण कोरडे होऊ द्यायचे. मग पातळ थर द्यायचा. तो फक्त चट्ट्यावर नाही, तर भोवतीच्या इंचभर चांगल्या कातडीवरही, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. नंतर हात धुवायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करायचे, खाज थांबली तरी.

अर्धवट औषधाचा आणि स्टिरॉइडच्या भेसळीचा हिशोब एकट्याचा राहत नाही. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी अशाच एका हट्टी बुरशीचं ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असं नामकरण केलं. नावातच भारत! टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला तिचे अनेक प्रकार दाद देत नाहीत. आता ती युरोप-अमेरिकेतही सापडते.

निघताना मॅडमनी विचारलं, ‘‘घरात अजून कोणाला?’’ मी नाही म्हणालो आणि मग बाथरूमबाहेरचं पायपुसणं आठवलं. नॅपकिन आठवला, आई आणि मी एकच वापरतो तो. आईला डायबिटीस आहे. अशा माणसाच्या पायाला बारीक भेग पडली, तरी जंतू आत शिरून प्रकरण चिघळू शकतं. घरी जाऊन तिचे पाय बघितले. तिच्याही बोटांत पांढरं झालं होतं. ‘‘अरे, पाण्यात काम करून होतं असं,’’ म्हणाली. दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन गेलो. वेळेत गेलो म्हणून थोडक्यात निभावलं. पण मी लाजून गप्प बसलो होतो, तो महिना अजूनही डोक्यातून जात नाही.

या पावसाळ्यात एवढं कराच

- बॅगेत सॉक्सचा एक कोरडा जोड ठेवा. बूट दोन जोड शक्य नसतील, तर रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा.
- टॉवेल, नॅपकिन, सॉक्स आणि चपला शेअर करू नका. हॉस्टेलच्या बाथरूममध्ये स्लिपर घाला.
- पायाला चिखल्या असतील, तर कपडे घालताना आधी सॉक्स, मग अंतर्वस्त्र. नाहीतर बुरशी वर जांघेपर्यंत पोचते.
- ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन असं काही लिहिलं असेल, तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावू नका.
- कातडी फाटलेली असताना तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं, तर लेप्टोचा धोका असतो. लगेच डॉक्टरांना विचारा.
- पाय सुजला, लाल आणि गरम झाला किंवा ताप आला, तर थांबू नका.

आमच्या घरात आता नॅपकिन वेगळे झालेत आणि माझ्याकडे बुटांचे दोन जोड आहेत. आजी रोज संध्याकाळी विचारते, ‘‘बोटांतून पुसलंस का रे?’’ आता मी हसत नाही. आधी पाय पुसतो, मग चहा.