कमी पैशांतलं ग्राफिक्स कार्ड: नाव नको, तपशील वाचा

जानेवारी २०२२मध्ये एनव्हिडियाने ‘आरटीएक्स ३०५०’ हे कार्ड बाजारात आणलं. मेमरी ८ जीबी, विजेची भूक १३० वॅट. दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२४मध्ये, त्याच नावाचं आणखी एक कार्ड आलं. याची मेमरी ६ जीबी, कोअर २५६०ऐवजी २३०४ आणि मेमरीचा मार्ग १२८ऐवजी ९६ बिटांचा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत नाव तेच. गेम सुरू केला की मात्र दुसरं कार्ड पहिल्याच्या बरंच मागे राहतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात जाऊन कुणी नुसतं ‘३०५० दाखवा’ म्हटलं, तर यातलं कोणतं पुढ्यात येईल याचा नेम नाही.

हा प्रकार जुनाच आहे. २०१६च्या ‘जीटीएक्स १०६०’मध्ये ३ जीबी आणि ६ जीबी असे दोन प्रकार होते आणि फरक फक्त मेमरीचा नव्हता, ३ जीबीवाल्यात कोअरही कमी होते. ‘जीटी १०३०’चं तर त्याहून वाईट झालं. मूळ कार्डात वेगवान जीडीडीआर-५ मेमरी होती. नंतर त्याच नावाखाली साधी डीडीआर-४ मेमरी बसवलेलं कार्ड विकलं गेलं. मेमरीचा वेग जवळजवळ एक तृतीयांशावर आला, नाव जसंच्या तसं राहिलं. ज्याच्याकडे पैसे मोजके असतात तोच या स्वस्त कार्डांकडे वळतो आणि नेमका तिथेच हा घोळ सर्वांत जास्त असतो. म्हणून खोक्याच्या मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पण कार्डाआधी मॉनिटर बघायला हवा. १९२० गुणिले १०८०च्या पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. ‘फोर-के’ पडद्यावर त्याच्या चौपट. प्रत्येक फ्रेमला एवढे ठिपके रंगवण्याचं काम कार्ड करतं. घरात ६० हर्ट्झचा साधा फुल-एचडी मॉनिटर असेल, तर तो सेकंदाला ६०पेक्षा जास्त फ्रेम दाखवूच शकत नाही. अशा मॉनिटरसाठी महागडं कार्ड घेण्यात पैसे वाया जातात. आणि घरातला मुलगा किंवा मुलगी फक्त ‘व्हॅलोरंट’ हा हलका गेम खेळत असेल, तर वेगळ्या कार्डाची गरज आहे का, हाच पहिला प्रश्न. ‘रायझन ५ ५६००जी’सारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय आतच असते आणि ‘व्हॅलोरंट’ त्यावर व्यवस्थित चालतो.

नवे, मोठे गेम खेळायचे असतील तर मेमरीशी तडजोड नको. कार्डाची स्वतःची मेमरी भरली की उरलेला डेटा कॉम्प्युटरच्या साध्या रॅममध्ये जातो आणि तिथून मदरबोर्डच्या स्लॉटमार्गे ये-जा करत राहतो. हा रस्ता हळू. मग गेम मध्येच अडखळतो, भिंतींवरची चित्रं धूसर होतात. मार्च २०२३मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट वन’ पीसीवर आला, तेव्हा ८ जीबीची कार्डंही वरच्या सेटिंगला धापा टाकत होती. ४ जीबीचं कार्ड आज नव्याने विकत घेऊ नये, हे ठामपणे सांगायला हवं.

स्लॉटचीही एक गोष्ट आहे. एएमडीचं ‘आरएक्स ६५०० एक्सटी’ स्वस्त म्हणून अनेकांनी घेतलं. त्यात मेमरी ४ जीबी, आणि मदरबोर्डशी बोलायला १६ऐवजी चारच मार्गिका. पीसीआय एक्सप्रेस ४.० असलेल्या नव्या बोर्डावर ते कसंबसं चालायचं, ३.० असलेल्या जुन्या बोर्डावर त्या चार मार्गिकांचा वेग निम्मा होतो आणि मेमरी भरली की गेम कोलमडतो. जुना पीसी असलेल्या, म्हणजे स्वस्त कार्डाची खरी गरज असलेल्या माणसालाच त्याचा सर्वाधिक फटका बसला.

पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे, म्हणजे एसएमपीएसकडे, तर कुणी ढुंकून बघत नाही. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ छापलेलं असलं, तरी तो तेवढी वीज खरोखर देईलच असं नाही. मान्यवर कंपनीचा, ‘८० प्लस’ प्रमाणपत्राचा एसएमपीएस घेण्यासाठी कार्डाच्या बजेटमधून दोन-तीन हजार काढावे लागले तरी काढावेत. ऑफिसातून निघालेला जुना ब्रँडेड पीसी असेल आणि त्याचा एसएमपीएस बदलता येत नसेल, तर मात्र ते ६ जीबीचं ३०५० उपयोगी ठरतं. ते ७० वॅटमध्ये भागवतं, त्यामुळे त्याच्या बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही, स्लॉटमधून मिळते तेवढी वीज पुरते.

सेकंड हँड बाजारात चांगला माल मिळतो, आणि फसवणूकही होते. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग बंद झालं आणि त्यासाठी दिवसरात्र राबलेली कार्डं जगभर विक्रीला आली. त्यातली बरीचशी आजही धडधाकट आहेत. पंखे आणि थर्मल पेस्ट बदलली की चालतात. धोका आहे तो नकली कार्डांचा. जुन्या ‘जीटीएक्स ५५० टीआय’चं बायोस बदलून ते ‘१०५० टीआय’ म्हणून खपवलं जातं. ‘१०५० टीआय’च्या चिपमध्ये व्हीजीए सिग्नलची सोयच नाही, तेव्हा मागे निळा व्हीजीए पोर्ट दिसला की संशय घ्यावा. ‘जीपीयू-झेड’ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर अशी लबाडी बहुतेकदा पकडतं. शिवाय अस्सल असलं तरी ‘१०५० टीआय’ आता थकलं आहे: जीटीएक्स ९०० आणि १० मालिकांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५नंतर थांबवलं.

मग घ्यायचं काय? फुल-एचडीसाठी ‘आरएक्स ६६००’ ही अजूनही शहाणपणाची निवड आहे. ८ जीबी मेमरी, १३२ वॅट, आणि रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाश-सावल्या हुबेहूब रंगवण्याची, सोय. ही सोय आता चैन राहिलेली नाही. डिसेंबर २०२४चा ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ त्याशिवाय चालत नाही आणि त्याच्या किमान गरजांत ‘आरएक्स ६६००’चं नाव आहे. बजेट थोडं ताणता आलं तर इंटेलचं १२ जीबीचं ‘आर्क बी५८०’ बघावं, पण ‘रिसायझेबल बार’ची, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी, सोय असलेला बोर्ड आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर असेल तरच. आणखी पैसे असतील तर ‘आरएक्स ९०६० एक्सटी’चं १६ जीबीचं मॉडेल, त्याच नावाचं ८ जीबीचंही आहे, तेव्हा इथेही डोळे उघडे ठेवावेत.

पक्कं बिल घ्यावं. त्यावरचा सिरियल नंबर खोक्यावरच्या आणि कार्डावरच्या नंबराशी दुकानातच ताडून पाहावा, कारण पुढे वॉरंटीसाठी तोच विचारला जातो. आणि घरी कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे, कार्डाच्या पोर्टला लावावी. नवं कार्ड ‘चालत नाही’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत ही चूक नेहमी आढळते.