गळाचे आमिष आणि माशांचे दात

काशीच्या मणिकर्णिका घाटाशी मराठी मनाचे नाते जुने आहे. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी या घाटाचे बांधकाम करविले. लगतचा घाट शिंद्यांच्या नावाने ओळखला जातो. आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे माहेरचे नावही मणिकर्णिकाच. या घाटाचे नाव काढले की चिता, राख आणि मोक्ष यांचेच विचार मनात येतात. परंतु ही राख आणि कधी कधी अर्धवट जळलेले अवशेष ज्या पाण्यात जातात, त्या पाण्याचाही एक संसार आहे आणि त्या संसारात खाणारी तोंडे पुष्कळ आहेत. शासनानेही ही गोष्ट हिशेबात धरली होती. १९८६ साली सुरू झालेल्या गंगा कृती योजनेत मांसाहारी कासवे मुद्दाम वाढवून येथील पाण्यात सोडण्यात आली. रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा सुमारे ७ किलोमीटरचा टप्पा १९८९ साली कासवांचे अभयारण्य ठरला आणि तेथे मासेमारीला बंदी झाली. मणिकर्णिका याच टप्प्यात येते. अभयारण्याचा हा दर्जा २०२० साली काढून घेण्यात आला.

आज आपल्याला ज्या गोष्टीचा विचार करावयाचा आहे, ती आहे गळाने मासे धरणाऱ्याची एक अडचण. ज्या पाण्यात चावऱ्या माशांचा उपद्रव आहे, तेथे टिकाऊ कृत्रिम आमिष कोणते निवडावे? मणिकर्णिकेच्या पायऱ्यांवर बसून गळ टाकावा असे कोणी सुचविणार नाही. पण हा घाट एक प्रश्न मात्र आपल्यापुढे ठेवतो: नदीत जे पडते त्याचे पुढे काय होते? आमिषाची निवड करताना हा प्रश्न सोडून चालत नाही.

प्रथम उपद्रवी मासा म्हणजे कोणता, हे पाहू. धरणाऱ्याला जो नको असतो, पण आमिषाला जो सर्वांच्या आधी तोंड लावतो, तो उपद्रवी. फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगा व तिच्या शाखांतील माशांवरील आपला ग्रंथ १८२२ साली प्रसिद्ध केला. त्यात अडीचशेहून अधिक जातींचे वर्णन आहे आणि तोंडांच्या रचनेची विविधता त्यात चांगलीच दिसते. आपल्या कामापुरते या तोंडांचे तीन प्रकार पुरेत.

पहिला प्रकार कातरणाऱ्यांचा. कोकणात ज्याला केंड म्हणतात, तो फुगणारा मासा या वर्गाचा मुकुटमणी. त्याचे दात एकमेकांना जुळून वर दोन व खाली दोन अशी चार पाती होतात आणि त्यांची पोपटासारखी चोच बनते. या कुळातील एक लहान मासा गंगेच्या खोऱ्यातील गोड्या पाण्यातही आढळतो. केंडाच्या अनेक जाती विषारी असल्यामुळे तो खाण्याच्या उपयोगाचा नाही आणि आमिष मात्र तो कुरतडून टाकतो. समुद्रातील सुरमई आणि वाकटी हेही कातरणारेच. पण त्यांचे मोल असल्यामुळे त्यांना कोणी उपद्रवी म्हणत नाही.

दुसरा प्रकार फाडणाऱ्यांचा. आपला शिवडा हा याचे उत्तम उदाहरण. हा मासा गंगेतही आहे आणि महाराष्ट्रातील नद्यांतही आहे. त्याच्या जबड्याची फट डोळ्याच्याही मागे गेलेली असते आणि आत बारीक, अणकुचीदार दातांचे पट्टे असतात. तो तोडत नाही. धरून ठेवतो, झटके देतो आणि तेवढ्या वेळात दातांखाली आलेला तंगूस काचून काचून तुटतो.

तिसरा प्रकार चिरडणाऱ्यांचा. महसीरच्या जबड्यात दात नसतात. त्याचे दात घशात असतात. तरीही त्याच्या जबड्यांच्या नुसत्या दाबाने चांगला गळ चपटा झाल्याचे अनुभव एकोणिसाव्या शतकातील शिकाऱ्यांपासून आजपर्यंत अनेकांना आलेले आहेत.

यावरून एक गोष्ट उघड होते. टिकाऊपणा म्हणजे केवळ कठीणपणा नव्हे. कातरण्याला जे टिकते ते चिरडण्याला टिकेलच असे नाही. म्हणून नवे आमिष विकत घेण्यापूर्वी जुने आमिष हाती घेऊन वाचावे. कडेला स्वच्छ अर्धचंद्राकार तुकडा गेला असेल, तर चोचीचा मासा आहे. अंगभर बारीक टोचण्या आणि ओरखडे असतील, तर फाडणारा आहे. अंगावर खूण नसून गळाचा आकडा मिटला असेल, तर दोष आमिषाचा नाही, गळाच्या तारेचा आहे.

आता आमिषांकडे वळू. रबरासारखी मऊ प्लास्टिकची आमिषे पाण्यात जिवंत अळीसारखी वळवळतात आणि स्वस्तही असतात. पण केंडाच्या पहिल्याच चाव्यात त्यांचे शेपूट जाते. अलीकडे ताणले असता लांबणारे आणि सोडताच पूर्ववत होणारे एक प्रकारचे लवचीक द्रव्य वापरून आमिषे करतात. ती फाडणाऱ्या दातांपुढे पुष्कळ टिकतात. मात्र जुन्या मऊ प्लास्टिकशेजारी एकाच डबीत ती ठेवली, तर दोन्ही विरघळून एकमेकांना चिकटतात. त्यांचे बिऱ्हाड वेगळेच असावे.

लाकडी आमिष देखणे असते. फिनलंडच्या लॉरी रापाला या कोळ्याने १९३६ साली बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, त्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद चढविला आणि छायाचित्राची फिल्म वितळवून तिचा लेप दिला. या लेपातच सारे मर्म आहे. दाताने लेप फुटला की हलक्या लाकडात पाणी शिरते, ते फुगते आणि त्याची चाल बिघडते. पोकळ प्लस्टिकच्या आमिषाचेही तसेच. एका छिद्राने त्याचा मासा जाऊन घडा होतो. म्हणून चावऱ्या पाण्यात पोकळपेक्षा भरीव आणि पातळ लेपापेक्षा जाड लेपाचे आमिष घ्यावे.

याहून महत्त्वाची गोष्ट बाहेरून दिसत नाही. पुष्कळ आमिषांत गळाची कडी स्क्रूने लाकडात बसविलेली असते. लाकूड फुटले की कडी निघते आणि मासा गळ घेऊन जातो. चांगल्या आमिषात तोंडापासून शेपटीपर्यंत एकच तार आरपार गेलेली असते आणि गळ त्या तारेला अडकविलेले असतात. लाकडाचे दोन तुकडे झाले तरी गळ तुमच्याकडेच राहतो. दुकानात विचारण्याचा पहिला प्रश्न हाच असावा.

दातांपुढे सर्वांत निर्धास्त उभे राहते ते धातूचे आमिष. पितळी वा पोलादी पत्र्याला चमच्याच्या वाटीसारखा आकार दिला की ओढताना तो डुलतो आणि लकाकतो. अमेरिकेतील ज्युलिओ ब्यूएल याने १८५२ साली याचे पेटंट घेतले. हातातून निसटलेल्या खऱ्या चमच्यावर माशाने झडप घातलेली पाहून त्याला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. चाव्यांनी याचा रंग जातो, काम जात नाही. घासून पुसून तो पुन्हा चालतो. शिवाय केंड हा मंद पोहणारा मासा आहे. चमचा वेगाने ओढला तर त्याला गाठणे कठीण जाते आणि चपळ मासा मात्र तो गाठतो. मऊ आमिष हळू चालवावे लागते, म्हणूनच ते कुरतडणाऱ्यांच्या तोंडी अधिक सापडते.

आमिष वाचले आणि तंगूस तुटला तर काय उपयोग? म्हणून आमिष आणि तंगूस यांच्यामध्ये बारीक पोलादी तारेचा वीतभर तुकडा घालावा. शिवड्यासारखे मोठे तोंड असेल तर दीड वीत. तंगुसाच्या टोकाला भोवरकडी असावी, म्हणजे पीळ पडत नाही. तीन आकड्यांच्या बारीक गळाऐवजी जाड तारेचा एकच आकडा लावावा. तो चिरडला जात नाही आणि नको असलेला मासा फारशी इजा न करता सोडता येतो. प्रत्येक चाव्यानंतर तंगुसाचा शेवटचा हातभर भाग बोटांतून ओढून पाहावा. खरखर लागली की तेवढा भाग कापून नव्याने गाठ मारावी. आणि तीन वेळा आमिष कुरतडले गेले, तर हट्ट न धरता जागा बदलावी.

हा सारा खटाटोप केवळ पैशाच्या बचतीसाठी नाही. तुटलेला तंगूस आणि प्लास्टिकचे शेपूट पाण्यातच राहते. ते माशाच्या पोटात जाते, कासवाच्या मानेला गुंडाळते. ज्या गांगेय डॉल्फिनला २००९ साली राष्ट्रीय जलचराचा मान मिळाला, तो जवळजवळ आंधळा आहे. तो आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट शोधतो. बारीक तंगूस त्याला वेळेवर कळेलच असे नाही. शिवडा ही जातही आज जगाच्या संकटग्रस्त माशांच्या यादीत असुरक्षित म्हणून नोंदलेली आहे. ज्याला आपण उपद्रवी म्हणतो, त्याच्या तोंडात गळ ठेवून त्याला सोडून देणे हा आपला उपद्रव झाला.

मणिकर्णिकेवर अग्नी जे जाळू शकतो ते जाळतो, उरलेले पाणी घेते आणि पाण्यातले जीव आपल्या परीने त्याची विल्हेवाट लावतात. पण नायलॉनच्या धाग्याला तेथे ना चिता आहे ना कासव. म्हणून जे आमिष सकाळी आपल्या हातून पाण्यात गेले आणि संध्याकाळी दातांच्या खुणा अंगावर घेऊन का होईना, पुन्हा आपल्या डबीत आले, तेच खरे टिकाऊ समजावे.