घरातल्या प्रत्येकाचा जोर मोजू या

सातारा-सांगलीच्या कुठल्याही वस्तीत पहाटे पाचला फेरी मारली, तर भरतीची तयारी करणारी मुलं-मुली हमखास दिसतात. रस्त्याने पळतात, विहाराच्या अंगणात जोर मारतात. त्याच वेळी त्यांची आई पाणी भरत असते, वडील कामावर निघालेले असतात आणि आजी उंबऱ्याला हात टेकून उठत असते. पोराचे जोर सगळी वस्ती मोजते. आईचे, बापाचे, आजीचे कोणी मोजत नाही. या वेळी आम्ही नेमकं तेच मोजायला सांगणार आहोत.

जोर मोजून काय कळतं?

आपण ज्याला पुशअप म्हणतो, तो साधा सरळ जोर. त्याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही, चटईएवढी जागा पुरते. पायाच्या बोटांवर जोर मारताना शरीराचं साधारण दोन तृतीयांश वजन हातांवर येतं. त्यामुळे हात, खांदे, छाती, पोट आणि पाठ यांची ताकद एकाच वेळी कळते.

अमेरिकेत आग विझवणाऱ्या ११०४ जवानांची दहा वर्षांची माहिती तपासून २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ४० हून जास्त जोर मारू शकणाऱ्यांना हृदयविकाराचा त्रास, १० सुद्धा न जमणाऱ्यांपेक्षा खूपच कमी झाला होता. पण हे वाचून उद्यापासून ४० चा हट्ट धरू नका. तो अभ्यास फक्त पुरुषांचा होता, तेही रोज अंगमेहनतीची नोकरी करणाऱ्यांचा. जोर मारले की हृदयविकार होतच नाही, असा त्याचा अर्थ नाही. ज्याचं शरीर एकूण तंदुरुस्त आहे त्याला जोरही जास्त जमतात, एवढाच अर्थ घ्यावा.

मोजायचं कसं?

तळहात खांद्यांच्या रुंदीवर टेका. डोक्यापासून टाचेपर्यंत अंग सरळ ठेवा, कंबर लोंबू देऊ नका. खाली जाताना श्वास घ्या, वर येताना सोडा. श्वास कोंडून धरू नका. न थांबता, न घाई करता जितके नीट होतील तितकेच मोजा. अंग वाकडं व्हायला लागलं की मोजणी संपली. महिलांनी गुडघे टेकून मोजायचं, कारण खालचे महिलांचे आकडे त्याच पद्धतीचे आहेत.

वयाप्रमाणे 'चांगला' म्हणायला इतके जोर लागतात :

२० ते २९ वर्षे : पुरुष २२, महिला १५
३० ते ३९ वर्षे : पुरुष १७, महिला १३
४० ते ४९ वर्षे : पुरुष १३, महिला ११
५० ते ५९ वर्षे : पुरुष १०, महिला ७
६० ते ६९ वर्षे : पुरुष ८, महिला ५

हे आकडे कॅनडातल्या लोकांच्या तपासणीतून आले आणि पुढे जगभर वापरले गेले. म्हणून ते मैलाच्या दगडासारखे वापरा, काळ्या दगडावरची रेघ समजू नका. आणखी एक लक्षात ठेवा. तालमीतला जोर वेगळा. त्यात अंग मागून पुढे कमानीसारखं काढतात. कवठेपिरानच्या मारुती मानेंसारखे हिंदकेसरी ज्या भागात घडले, तिथे शेकड्यांनी जोर मारल्याच्या गोष्टी ऐकायला मिळतात. ते आकडे या तक्त्याशी जुळवू नका.

हे माप जन्म विचारत नाही

आपल्या समाजाला अंगाची ताकद मोजू न देताच बाजूला काढलं गेलं, हे विसरता येत नाही. रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त होऊन साताऱ्यात राहिले. त्याच काळात इंग्रज सरकारने 'लढवय्या जाती' ठरवून महारांची भरती बंद केली. कोणाची छाती मोजली नाही, कोणाला पळवून पाहिलं नाही, फक्त जन्म पाहिला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्धानंतर मोडून टाकली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, तोवर एक पिढी उलटली होती.

वरचा तक्ता तुमचं वय विचारतो, स्त्री की पुरुष ते विचारतो, बाकी काही नाही. मुलींनीही गुडघे टेकण्यावर थांबायची गरज नाही. ती मोजण्याची एक पद्धत आहे, मुलींची हद्द नव्हे. माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. असं अंग घडायला घरच्यांनी पोरीला पहाटे मैदानावर जाऊ द्यावं लागतं.

पोलीस भरतीच्या पोरापोरींसाठीही एक सूचना. ५० गुणांच्या मैदानी चाचणीत जोर मोजत नाहीत. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांना १०० मीटर धावणं आणि गोळाफेक असते. जोराची ताकद गोळा ढकलायला उपयोगी पडते, पण नुसते जोर मारून पळण्याचे गुण मिळत नाहीत.

"माझं काय मोजायचं?"

सांगलीच्या एका वस्तीत आम्ही हा तक्ता दाखवला तेव्हा एक मावशी हसल्या. "माझं काय मोजायचं? घागरी काय तुम्ही उचलताय व्हय?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. मग त्यांनी भिंतीला हात लावून जोर मारून पाहिले आणि सहाव्यालाच खांदा धरला. ऊस तोडणं, विटा वाहणं, झाडलोट, धुणी-भांडी यांत कंबर आणि गुडघे झिजतात, पण काही स्नायूंना कामच मिळत नाही. मजुरीने दमणं आणि अंग मजबूत होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून दमलेल्या माणसाला आम्ही रोज व्यायाम करा म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही ताकदीच्या व्यायामाला आठवड्याचे किमान दोन दिवस पुरेसे मानते.

शून्यापासून सुरुवात

एकही जोर येत नसेल तर भिंतीपासून सुरू करा. ते सोपं झालं की विहाराच्या कट्ट्यावर हात टेकून करा. दोन फूट उंचीवर हात असले की जेमतेम चाळीस टक्के वजन पेलावं लागतं. मग गुडघे टेकून जमिनीवर, मग पायाच्या बोटांवर. जितके जमतात त्याच्या निम्मे एका वेळी, असे तीन वेळा, मध्ये दम खाऊन. आठवड्यातून दोन-तीन दिवस. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजा. जेवणात मटकी, हरभरा, शेंगदाणे, अंडी, सुकट यांतलं काहीतरी असू द्या.

आजी-आजोबांना जमिनीवर झोपवू नका. भिंतीला टेकवलेली पक्की खुर्ची घ्या. हात छातीवर घडी घालून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. शेजारी कोणीतरी उभं राहा. ६० ते ६४ वयात महिलांना १२ आणि पुरुषांना १४ वेळा, ७० ते ७४ वयात महिलांना १० आणि पुरुषांना १२ वेळा जमायला हवं. याहून कमी असेल तर पाय कमजोर आहेत, पडण्याचा धोका आहे. हाच उठण्या-बसण्याचा सराव त्यावर इलाज आहे.

कुठे थांबायचं?

बीपी आटोक्यात नसेल, हृदयाचा त्रास असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल किंवा गरोदरपण असेल, तर आधी सरकारी दवाखान्यात विचारा. छातीत कळ, घाम, चक्कर किंवा डाव्या हातात दुखणं जाणवलं तर लगेच थांबा आणि १०८ ला फोन करा.

सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवलं. सुवर्ण एका किलोने हुकलं, कारण मध्येच कोपर दुखावला. त्याच्या शेजारी प्रशिक्षक होते, डॉक्टर होते. आपल्या घरात कोणाचा कोपर दुखावला तर दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडते. म्हणून पैजा लावू नका. शेजाऱ्याचा आकडा पाहू नका, आपलाच मागचा आकडा पाहा.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारातच सगळ्यांचे जोर मोजा. वहीत नाव, वय आणि आकडा लिहा. पहिलं नाव आईचं लिहा.